लाल पट्टीचे त्रिकोण

माझी भावजय बावीस वर्षं बालवर्गातल्या पोरांना डावं-उजवं, वर-खाली, आत-बाहेर शिकवत होती, आणि तिला स्वतःला डावं-उजवं कळत नव्हतं. नणंद आहे म्हणून कुचकं बोलतेय असं समजू नका. ती घड्याळ डाव्या मनगटावर बांधते. टॅक्सीवाल्याने कुठे वळू म्हणून विचारलं की आधी घड्याळ शोधते, आणि तोवर वळण मागे पडलेलं असतं. आमच्या आईला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा ही डबा घेऊन निघायची आणि लागोपाठ तीन दिवस एक्स-रेच्या खोलीत जाऊन पोचली. तिसऱ्या दिवशी तिथल्या माणसाने तिला बसायला खुर्ची दिली. तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बस चालवायचा. दादा म्हणायचा, "मी रोज शेकडो माणसं बरोबर जागी उतरवतो, बायको तेवढी हरवते."

माझं शिवणाचं दुकान शाळेच्या मागच्या गल्लीत आहे. दुकान म्हणजे एक खोली, दोन मशिनं, कापड बेतायचं मोठं टेबल आणि टेबलाखाली कातरणाचं पोतं. शाळा सुटली की वहिनी घरी जायच्या आधी माझ्याकडे यायची, स्टुलावर बसून चहा प्यायची आणि माझाच खडू घेऊन माझ्याच टेबलावर गिरगटायची. घरात मला सगळे नावाने हाक मारतात, ती एकटी 'वन्सं' म्हणते. नवी नवरी होती तेव्हा मानाने म्हणायची. पुढे मान गेला आणि हाक राहिली. काही काम काढून घ्यायचं असलं की त्या हाकेत जरा जास्त साखर पडते.

शाळेत लागली तेव्हा तिला वरचा वर्ग दिला होता. तिथल्या पोरांनी तिला चार महिन्यांत रडकुंडीला आणलं. मग बालवर्गाची जागा रिकामी झाली. नाकं पुसायची, बुटांच्या नाड्या बांधायच्या आणि वर शिकवायचंही, म्हणून ती जागा कुणाला नको होती. हिने हात वर केला. तळमजल्यावरची टोकाची खोली, ठेंगणी टेबलं, दार न लागणारं लोखंडी कपाट, आणि खिडकीबाहेर नळांची रांग. पहिल्या दिवशी घरी आली ती हसतच. म्हणाली, "वन्सं, त्यांना माझ्यासारखंच काही कळत नाही."

ती तिथे रमली त्याचं कारण मला फार उशिरा समजलं. मला कापड बघितलं की त्यातला सदरा दिसतो. बाही कुठून निघेल, कॉलर कुठे बसेल, सगळं आपोआप दिसतं. ज्याला दिसत नाही त्याला ते कसं दाखवायचं हे मला आजतागायत जमलेलं नाही, म्हणून माझ्याकडे शिकायला आलेल्या तीन मुली पळून गेल्या. वहिनीला कधीच आपोआप दिसलं नव्हतं. तिने प्रत्येक गोष्ट पायरी पायरीने स्वतःला शिकवली होती, आणि त्याच पायऱ्या ती पोरांना द्यायची.

ती पोरांकडून रिकामी खोकी मागवायची आणि विचारायची, "हे उलगडलं तर जमिनीवर कसं दिसेल?" आधी अंदाजाने काढायचं, मग उलगडून बघायचं. वर्गाच्या दारापासून नळापर्यंतची वाट खडूने जमिनीवर काढायची आणि ज्याला तहान लागेल त्याने वाट तोंडाने सांगत सांगत जायचं. चुकीचं वळण सांगितलं तर भिंतीसमोर उभं राहायचं आणि परत फिरायचं. एकदा तिने सगळ्यांना टेबलाखाली बसवलं आणि खालून टेबल कसं दिसतं ते काढायला लावलं. एका पोराने टेबलाच्या पोटाला चिकटलेले सात च्युइंगम चित्रात काढले. तिने टेबल उलटं करून मोजले, तर सातच निघाले. शिपायाला ते खरवडायला अर्धा दिवस लागला, आणि शिपाई तिच्याशी आठवडाभर बोलला नाही.

आता माझ्या पापाकडे येते.

तिच्या पहिल्याच वर्षी ती माझ्याकडे जाड पुठ्ठ्याचे तक्ते घेऊन आली. "वन्सं, मला पंचवीस त्रिकोण कापून द्या ना. लहानमोठे, लांबडे, बुटके, कसेही चालतील. वेगवेगळेच हवेत."

मी म्हटलं, "कसेही म्हणजे? फुकट करतेय म्हणून वाकडंतिकडं देऊ? माझ्या हातून असलं काम बाहेर जात नाही."

मी एक नामी खाका बनवला. तिन्ही बाजू सारख्या, टोकं काटेकोर. त्यावरून पंचवीसच्या पंचवीस कापले आणि कडांना लाल पट्टी चिकटवली. एकावर एक रचले तर वाटावं एकच जाड त्रिकोण आहे. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी ते पाहुण्यांना दाखवले. वहिनी म्हणाली, "फार सुरेख झालेत," आणि पुन्हा वेगवेगळ्यांची गोष्ट काढली नाही. नवी सून, नणंदेने हौसेने केलेलं काम, ती काय बोलणार? पुठ्ठे झिजले की दर दोन-तीन वर्षांनी मी त्याच खाक्यावरून नवे कापून द्यायचे. बावीस वर्षं मी ही सेवा मोठ्या अभिमानाने केली.

गेल्या वर्षी वरच्या कचेरीतून एक तपासनीस आले. सौम्य गृहस्थ, सर्दी झालेली, खिशात दोन रुमाल. त्यांनी चोवीस पोरांना एकेक करून टेबलाशी बोलावलं. समोर एक कागद, त्यावर आठ आकृत्या. हातात पिवळ्या चकत्या द्यायच्या आणि सांगायचं, जो जो त्रिकोण असेल त्याच्यावर चकती ठेव. त्रिकोण चार होते. चारही ओळखले आणि भलतीकडे चकती ठेवली नाही, तर ते पोर उत्तीर्ण. चोवीसपैकी अठरा तरी उत्तीर्ण व्हायला हवेत, असा नियम.

पाच झाले.

त्या दुपारी वहिनी दुकानात आली ती चहा नको म्हणाली. मी समजले, काहीतरी बिनसलंय. तिने खडू घेतला आणि माझ्या टेबलावर एक लांबलचक, निमुळता आकार काढला. "हे काय आहे?"

"कळी," मी म्हटलं. घेरदार झग्याला अशा कळ्या लावतात, हयातभर कापत आलेय.

"त्रिकोण आहे का?"

मी मान तिरकी करून बघितलं. चष्मा पुसून बघितलं. "नसावा," मी म्हटलं. "त्रिकोण कसा नीट बसलेला असतो."

ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेचना. "तूसुद्धा ये माझ्या वर्गात," ती म्हणाली. "पोरंही हेच म्हणाली. लांबड्याला म्हणाली, हा काटा आहे. उलट्याला म्हणाली, बाई, हा त्रिकोण पडलाय. आणि एक होता फुगीर बाजूंचा, गलेलठ्ठ, पण वर टोक आणि खाली बैठक. त्याच्यावर चौदा जणांनी चकती ठेवली. वन्सं, मी बावीस वर्षं त्यांना एकच त्रिकोण दाखवला गं. त्यांना वाटतं, त्रिकोण हे त्या एकट्याचंच नाव आहे."

तिने एका शब्दाने मला बोल लावला नाही, आणि त्यामुळे माझा जास्तच संताप झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाला कुलूप लावून तडक मोठ्या सरांच्या खोलीत गेले. आताचे मुख्याध्यापक ते. माणूस वाईट नाही, पण वरून कागद आला की त्यांना घाम फुटतो. मी म्हटलं, "ते त्रिकोण मी कापलेत. तिने वेगवेगळे मागितले होते, मी एकसारखे दिले. चूक माझी आहे, माझ्या नावावर लिहा."

सर म्हणाले, "ताई, तुमची चूक मी कुठे लिहू? तुम्ही आमच्या हजेरीपटावर नाही."

त्यांनी तिच्यासाठी एवढं केलं की तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली. तीन आठवड्यांनी तपासनीस नवा कागद घेऊन पुन्हा येणार. अठरा झाले तर ठीक. नाही झाले तर वर्ग नव्या बाईकडे जाणार, आणि वहिनीने निवृत्तीपर्यंतची चार वर्षं कार्यालयात बसून दाखले लिहायचे. नवी बाई आदल्या वर्षीच लागलेली, छापील कार्डांच्या संचावर शिकवायचं प्रशिक्षण घेतलेली, हसतमुख, कष्टाळू. मला तिच्यात काही खोड काढता येईना, याचाच राग यायचा.

मी वहिनीला म्हटलं, "दाखले तर दाखले. पंख्याखाली बसशील. पाठ दुखायची थांबेल."

"मला पंखा नको," ती म्हणाली. "मला ती खोली पाहिजे. मला दुसरं काही येत नाही, वन्सं, आणि हे एक येतं असं मला वाटत होतं." तिचा आवाज असा चिरका मी कधी ऐकला नव्हता. तिला मूलबाळ नाही. याचा तिने कधी बाऊ केला नाही आणि आम्हीही केला नाही, पण मला त्या क्षणी ते आठवलं, खोटं कशाला बोलू?

मग तिची नजर टेबलाखालच्या पोत्यावर गेली. तिने ते ओढून बाहेर काढलं आणि हात घालून मूठभर कातरण टेबलावर पसरलं. बाहीच्या कडेचे निमुळते तुकडे, कॉलरच्या कोपऱ्यातून निघालेल्या चिमुकल्या तिकोनी चिंध्या, तिरक्या कापाचे फाटे. मी जे बावीस वर्षं झाडून टाकत होते, त्यात तिने मागितलेले सगळे त्रिकोण होते. तिने पोतं उचललं आणि चालू लागली. दारातून चुकीच्या बाजूला वळली, मग परत आली.

दुसऱ्या दिवशी लाल पट्टीचे त्रिकोण कपाटात गेले. त्यावर तिने टॉवेल टाकला. वर्गाच्या मधोमध पोतं ओतलं आणि पोरांना सांगितलं, ज्याला तीन सरळ बाजू आणि तीन टोकं असतील तो या खोक्यात, बाकीचे त्या खोक्यात. हे सगळं मला रोजच्या रोज कळायचं, कारण चहाच्या वेळी ती सांगायची, आणि मी शिवण बाजूला ठेवून ऐकायचे.

पहिल्या दिवशी भांडणं झाली. मुंढ्यातून निघालेला एक तुकडा होता. टोकं तीन, पण एक बाजू आत वळलेली, कारण काखेचा काप गोलच घ्यावा लागतो. निम्मी पोरं म्हणाली हा त्रिकोणच, निम्मी म्हणाली नाही. वर्गात एक पुढचा दात पडलेली मुलगी होती. वहिनीने तिचं नाव वकील ठेवलं होतं, कारण कुठल्याही गोष्टीवर ती आधी "पण का?" म्हणायची. वकिलाने तो तुकडा टेबलाच्या सरळ कडेला लावला आणि म्हणाली, "बाई, मध्ये उजेड दिसतोय. ही बाजू सरळ नाही." त्या दिवसापासून पोरं प्रत्येक चिंधी टेबलाच्या कडेला लावून बघायला लागली. इतकी, की एकाने दुसऱ्याचं नाकही लावून बघितलं.

मग तिने माझ्याकडून चार मीटर इलॅस्टिक नेलं. दोन टोकं गाठ मारून जोडली आणि मैदानात तीन पोरांना आत उभं केलं. प्रत्येकाच्या कमरेमागून इलॅस्टिक, म्हणजे प्रत्येक पोर एक टोक. एक जण नळाकडे पळत सुटला की आकार लांबडा व्हायचा. "काटा झाला!" बाकीची ओरडायची. "टोकं किती?" वहिनी विचारायची. तिघं हात वर करायचे. "मग?" "त्रिकोणच!" कुणी उलटं फिरायचं, कुणी खाली बसायचं, टोकं तीनच. वकिलाला हे फार सोपं वाटलं. तिने आत शिरून एका बाजूचं इलॅस्टिक पोटाने बाहेर ढकललं आणि जाहीर केलं, "आता मीपण टोक आहे. आता नाही त्रिकोण." वहिनी म्हणाली, मला बावीस वर्षांत कुणी चौकोन इतका छान समजावून सांगितला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात तिला एक गोष्ट दिसली आणि तिची झोप उडाली. ती चिंधी हातात धरून विचारायची, तेव्हा पोरं चिंधीकडे बघतच नव्हती. ती तिच्या तोंडाकडे बघत होती. चिंधी त्रिकोण असली की तिच्या भुवया नकळत वर जायच्या, आणि पोरांना ते नेमकं ठाऊक होतं. "वन्सं, ती त्रिकोण शिकत नाहीयेत," ती म्हणाली, "मला शिकतायत. आजवरची सगळी पोरं माझं तोंड वाचून गेली असतील."

"मग तोंडावर फडकं बांध," मी म्हटलं.

तिने माझा सल्ला अर्धा ऐकला. ती खुर्ची फिरवून कपाटाकडे तोंड करून बसायला लागली. पोरांनी मागे आपापसांत ठरवायचं, भांडायचं, आणि ठरलं की तिच्या खांद्याला हात लावायचा. मोठे सर खिडकीवरून चालले होते. त्यांना दिसलं की वर्गात चोवीस पोरं गोंधळ घालतायत आणि बाई भिंतीकडे बघत बसल्यात. ते धावत आत आले. "बाई, बरं वाटत नाहीये का?"

"बरी आहे सर. मी सध्या वर्गात नाहीये," ती मागे न बघता म्हणाली.

हे सोपं गेलं असं मात्र नाही. तीन-चार दिवस पोरं सैरभैर झाली. खांद्याला हात लावून विचारायची, "बाई, बरोबर आहे ना?" आणि ही म्हणायची, "मला कुठे दिसतंय?" दोघी-तिघी रडल्या. एका आईने येऊन तक्रार केली, की मुलगी घरी म्हणते बाई आमच्याशी बोलत नाहीत. वहिनी माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. मीसुद्धा म्हटलं, "अगं, परीक्षेपुरत्या भुवया हलव की. चार वर्षांचा प्रश्न आहे." तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी सुईत दोरा ओवायला घेतला.

परीक्षेच्या दिवशी मी वर्गात हजर होते. पडद्यांची मापं घ्यायची होती. हे काम मीच आठ दिवस मोठ्या सरांच्या मागे लागून काढलं होतं. मी स्टुलावर चढून टेप लावत होते आणि कान मागे होते. एक खिडकी मी अकरा वेळा मोजली.

तपासनीसांची सर्दी बरी झाली होती. टेबल फळ्याजवळ, पोरं एकेक करून त्यांच्यापुढे, आणि वहिनी खोलीच्या दुसऱ्या टोकाला दाराजवळ उभी. तिने बोलायचं नाही असं ठरलेलं. मोठे सर तिच्या शेजारी. नवा कागद, नव्या आकृत्या, त्याच चकत्या. तपासनीस प्रत्येक पोर झालं की वहीत खूण करायचे, आणि मोठे सर पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आकडा लिहायचे. मला स्टुलावरून तो आकडा दिसत होता. दहा पोरं झाली तेव्हा आठ. सोळा झाली तेव्हा अकरा. माझ्या हातून टेप निसटली. वीस झाली तेव्हा चौदा. मग लागोपाठ तिघं बरोबर आली. तेवीस झाली, आकडा सतरा, आणि शेवटचं नाव वकिलाचं. मी मनात म्हटलं, चला, सुटलो. सगळ्यात हुशार तीच.

वकील टेबलाशी आली. कागदावर हनुवटी टेकेल इतकी वाकली. एक चकती ठेवली. दुसरी ठेवली. बऱ्याच वेळाने तिसरी. चौथीसाठी हात नेला, थांबली, आणि हात मागे घेतला.

"झालं?" तपासनीसांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी कागदाकडे बघितलं, वहीकडे बघितलं, मग मोठ्या सरांच्या पुठ्ठ्याकडे बघितलं. अठरा लागतात हे त्यांनाही ठाऊक होतं. माणूस मनाने चांगला. ते वळून म्हणाले, "बाई, एकच राहिलाय. तुम्ही तिला सांगा, पुन्हा एकदा बघ म्हणून. तुमचं ऐकेल. मी थांबतो."

मोठ्या सरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वकिलाने मान वळवली आणि सरळ वहिनीच्या तोंडाकडे बघितलं. मलाही तेवढंच बघायचं होतं. नुसती भुवई. कुणाला कळलंही नसतं. हातातली चकती ठेवायला त्या पोरीला एवढीच खूण पुरली असती.

वहिनीने डोळे मिटून घेतले.

"माझ्याकडे नको बघूस," ती म्हणाली. "कागद तुझ्यासमोर आहे. तुला दिसेल ते कर."

वकिलाने पुन्हा कागद बघितला. नीट बघितला, घाई केली नाही. मग चकती तपासनीसांच्या हातात परत दिली. "हा नाही," ती म्हणाली.

तपासनीसांनी वहीत सतरा लिहिले आणि खाली सही केली. वहिनी टेबलाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि विचारलं, "का नाही गं?" पोरीने तिचं बोट धरून कागदावर नेलं. लांबड्या त्रिकोणाच्या टोकाशी दोन रेघा एकमेकींना टेकलेल्या नव्हत्या. छापताना तेवढं राहून गेलं होतं. दोऱ्याच्या जाडीएवढी फट असेल. "इथे जोडलेलंच नाही," वकील म्हणाली. "हा उघडा आहे. बाकीच्यांनी बघितलंच नाही."

तपासनीसही वाकले. चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं, आणि त्यांचे कान लाल झाले. "छपाईचा दोष आहे," ते म्हणाले. "हाच कागद मी कितीतरी शाळांत नेलाय." मग वही उघडून पानं चाळली. "पण उत्तरांच्या यादीत हा त्रिकोणच आहे, बाई. मला यादीप्रमाणेच लिहावं लागतं. शेरा लिहितो." त्यांनी बारीक अक्षरात शेरा लिहिला. मोठ्या सरांनी तो वाचला, घाम पुसला आणि म्हणाले की वर शेरे कुणी वाचत नाही, आकडा वाचतात, आणि आकडा सतरा आहे. दुपारच्या आत त्यांनी नव्या बाईला वर्ग द्यायचा कागद टाइप करून घेतला. पुढच्या सत्रापासून वहिनीचं टेबल कार्यालयात.

संध्याकाळी दोघी घरी निघालो. मी रस्ताभर तोंड बंद ठेवलं, आणि हे मला किती जड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांना विचारा. शेवटी राहवेना. म्हटलं, "तुझी छाती मोठी, वहिनी. फट आहे हे दिसलं म्हणून गप्प राहिलीस, ते मला कळलं. मला नसतं जमलं."

"कसली फट?" ती म्हणाली. "मी दाराशी होते. तिथून मला कागदही धड दिसत नव्हता."

"मग?"

"मला वाटलं, ती चुकतेय."

मी थांबलेच. "चुकतेय असं वाटलं, आणि तरी सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तिने कागद बघून ठरवलं होतं गं. माझं तोंड बघून बदललं असतं, तर पुन्हा मलाच शिकली असती ती, आजवरच्या पोरांसारखी." एवढं बोलून ती पावलं टाकायची थांबली. "वन्सं, माझा वर्ग गेला," ती म्हणाली, आणि दुकानं उघडी होती, माणसं येत-जात होती, तरी ती तिथेच फुटपाथवर लहान पोरासारखी रडली. मी तिला गप्प केलं नाही. मीही तिच्याजवळ उभी राहून रडले.